चोवीस जूनचा पाय

माझी धाकटी जाऊ एक्सपोर्टच्या धंद्यात आहे, असं आमच्या आतेसासूबाईंनी सगळ्या नात्यागोत्यात सांगून टाकलं, तेव्हा तिच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं असेल. दोष तसा आतेसासूबाईंचा नव्हता. त्यांनी जेवताना विचारलं होतं, "काय गं, ऑफिसात दिवसभर करतेस तरी काय?" आणि धाकटीने तोंडातला घास गिळून खरं तेच सांगितलं होतं, "आत्या, रिपोर्ट एक्सपोर्ट करते." त्यातला रिपोर्ट आतेसासूबाईंच्या कानापर्यंत पोचला नाही, एक्सपोर्ट तेवढा पोचला. पुढच्याच महिन्यात त्यांच्या दिरांचे साडू चामड्याच्या पिशव्यांचे नमुने घेऊन आमच्या दारात उभे.

"परदेशात माल पाठवायचं मनात आहे. घरचंच माणूस असताना बाहेर कशाला जा?"

दुसरी कुणी असती तर हसत सुटली असती. धाकटीने त्यांना पाणी दिलं, पिशव्या एकेक करून उघडून पाहिल्या, शिवण सुरेख आहे म्हणाली, आणि मग आपलं काम काय ते समजावलं. कॉम्प्युटरमध्ये माहिती साठवलेली असते. तिच्यातली हवी तेवढी निवडून, ज्याला हवी त्याला वाचता येईल अशा फाईलमध्ये बसवून द्यायची. कुणाला ती छापण्याजोगी लागते, कुणाला आकडेमोड करण्याजोगी, कुणाला नुसती साधी अक्षरं.

गृहस्थ विचार करून म्हणाले, "म्हणजे माल तोच, गाडी बदलायची."

"अगदी तसंच!" धाकटी खूश झाली. आम्हा घरच्यांना तिचं काम त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पिशवी मात्र एक विकत घ्यावी लागली, आणि 'एक्सपोर्टबाई' हे नाव तिला जे चिकटलं ते चिकटलंच.

ती नोकरी करते ते केंद्र कृत्रिम पाय बनवण्याचं आहे. खाली कारखाना, वर कचेरी. खालच्या खोलीत शिरलं की ओल्या प्लास्टरचा थंड वास येतो. भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा, त्याच्यासमोर धरून चालायला दोन समांतर दांडे, आणि कोपऱ्यात प्लास्टिकचा पत्रा तापवायची भट्टी. एका फळीवर बुटांची रांग असते, सगळे एकेकटे. नव्या माणसाला ते बघून कसंसंच होतं. तिथल्या माणसांना काही वाटत नाही. "आमच्याकडे जोडा अर्धाच लागतो," असं साचेबुवा सांगतात. साचेबुवा म्हणजे तिथले मुख्य कारागीर. मापं घेणं, साचा करणं, पाय घडवणं हे सगळं त्यांच्या हातचं, म्हणून हे नाव. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल.

धाकटीचं टेबल वर, खिडकीशी. केंद्रात पाऊल टाकलेल्या प्रत्येक माणसाची माहिती तिच्या कॉम्प्युटरमध्ये आहे: कोणता पाय, कुठून, कधी, मापं काय, आधीचा पाय किती वर्षं टिकला. या साठ्याला डेटाबेस म्हणतात हे मला माहीत होतं, पण तो असतो कसा ते तिने एकदा भांडी पुसता पुसता सांगितलं. "जाऊबाई, ते कोठार आहे. पण पाहुणा आला की आपण त्याला कोठारात नेऊन 'घ्या, जेवा' म्हणतो का? ताट वाढतो. रिपोर्ट म्हणजे ताट."

आणि ताट वाढण्यात तिचा हात कुणी धरावा! डॉक्टर दोन इमारतींमधून पळत असतात, त्यांना फोनवर उघडेल आणि कुठेही हलणार नाही, अशी छापील पानासारखी पीडीएफ. हिशेबनिसांना बेरजा-वजाबाक्या करायच्या, त्यांना आकड्यांच्या रकान्यांची फाईल. साचेबुवांचे हात कायम प्लास्टरने माखलेले, त्यांना जाड कागदावर ठळक अक्षरांत, वर प्लास्टिकची पिशवी. चालायला शिकवणारे सर दृष्टिहीन आहेत. त्यांचा कॉम्प्युटर अक्षरं मोठ्याने वाचून दाखवतो, पण रकान्यांची फाईल दिली की तो या ओळीतला शब्द त्या ओळीत घुसडतो, आणि पानाचा नुसता फोटो दिला की गप्प बसतो. धाकटी त्यांच्यासाठी तीच माहिती सरळ वाक्यांत काढते. एकदा सर मला म्हणाले, "इतर ठिकाणची कागदपत्रं माझ्या अंगावर ओरडतात हो. तुमच्या जाऊबाईंची बोलतात."

घरीही तेच. सगळ्यांच्या वाढदिवसांची यादी तिने एकदाच तयार केली. आतेसासूबाईंना ती अंगठ्याएवढ्या अक्षरांत छापून मिळाली. आमच्या भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, फोनच्या कॅलेंडरमध्ये, कारण कागद हरवण्यात त्यांचा हातखंडा. आमचे हे होते तेव्हा त्यांना पाकिटात मावेल अशी चौघडी करून. भाऊजी चिडवायचे, "हिच्याशी भांडायचं म्हटलं तरी आधी विचारते, कोणत्या फॉरमॅटमध्ये?"

"तुमचा एकच फॉरमॅट आहे," ती म्हणायची. "मोठा आवाज. तो माझ्याकडे उघडतच नाही."

आता मशीनताईंविषयी सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, शिवणकाम करतात, माझे कपडे गेली कित्येक वर्षं त्यांच्याच हातचे. डावा पाय गुडघ्याखाली नाही. तरुणपणी अपघातात गेला. घरी बसून उजव्या पायाने मशीन चालवायच्या. त्यांची हौस मात्र शिवण्याची नव्हती, कापण्याची होती. कापड पसरलं, वर खडू फिरवला, कात्री घातली की त्यांचा चेहरा बदलतो. म्हणायच्या, "मावशी, शिवणं म्हणजे झालेल्या लग्नाचा संसार. कापणं म्हणजे लग्न जुळवणं."

शाळांचे गणवेश बनवणाऱ्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये त्यांना कटिंगची जागा मिळाली. मुख्य कापणाऱ्याच्या हाताखाली, पुढे मुख्य होण्याच्या बोलीवर. गल्लीत चेष्टा सुरू झाली, "आता तुम्ही मास्तर होणार की मास्तरीण?" पण कापायचं टेबल कमरेएवढं उंच, काम दिवसभर उभ्याने. आणि नेमकी त्याच सुमारास त्यांच्या जुन्या कृत्रिम पायाच्या नळीला चीर गेली. उरलेला पाय ज्या पोकळ नळीत बसतो तिला ते लोक सॉकेट म्हणतात. ती नीट बसली तर माणूस पाय विसरतो, आणि जरा ढिली झाली तर दर पावलाला आठवतो. वर्कशॉपच्या मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "एक तारखेपर्यंत जागा धरून ठेवते. त्यापुढे मला माणूस लागेल." त्यांचंही खरंच होतं. शाळा काही कुणासाठी थांबत नाहीत.

त्यात केंद्राची भट्टी बंद पडली. सुटा भाग यायला दोन महिने. साचेबुवांनी मापं घेतली आणि ठरलं, की पाय दुसऱ्या शहरातल्या केंद्रातून करून आणायचा. तिथे साचा हाताने घेत नाहीत. मापं मशीनला देतात आणि मशीन तो कोरतं. धाकटीने मशीनताईंची माहिती निवडली, त्या केंद्राने मागितली तशी फाईल केली, म्हणजे साधी अक्षरं, दोन आकड्यांच्या मध्ये स्वल्पविराम, आणि पाठवून दिली. आमच्या केंद्राची मापं अशी बाहेरगावी जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

पाय आला. देखणा होता, गुळगुळीत, रंगही मिळताजुळता. मशीनताईंबरोबर मी गेले होते, त्यांची पिशवी धरायला. दांड्यांमध्ये उभ्या राहिल्या, दोन पावलं टाकली आणि थांबल्या.

"का हो?" साचेबुवांनी विचारलं.

"हा माझा नाही. शेजारणीची चप्पल घालून आल्यासारखं वाटतंय."

साचेबुवांनी खाली बसून सॉकेटच्या कडेने बोट फिरवलं, मग पाय काढायला लावून हातच आत घातला. "वरून अगदी बरोबर आहे," ते म्हणाले, "खाली मात्र बिऱ्हाड ठेवता येईल एवढी जागा."

कुणी हसलं नाही. मशीनताईंनी जुना, चीर गेलेला पाय पुन्हा चढवला आणि आरशाकडे पाठ करून बसल्या. एक तारीख फार लांब नव्हती. "जाऊ दे," त्या मला म्हणाल्या, "घरचं मशीन कुठे गेलंय?" पण माझ्या हातातली आपली पिशवी त्यांनी स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली होती आणि तिचे बंद उगाचच बांधत-सोडत होत्या.

धाकटी खाली आली होती. तिने काही सांत्वन केलं नाही. साचेबुवांना म्हणाली, "बुवा, वरून बरोबर म्हणजे कुठपर्यंत?"

बुवांनी जुन्या मापाच्या कागदावर बोट ठेवलं. गुडघ्याखाली दर काही अंतरावर घेर मोजलेला होता. पहिले दोन बरोबर उतरले होते, पुढचे सगळे चुकले होते.

"मशीन चुकलं असेल," बुवा म्हणाले.

"मशीन चुकतं तेव्हा अख्खं चुकतं," धाकटी म्हणाली. "हे कुणीतरी ठरवून अर्धं चुकल्यासारखं आहे. चला वर."

आम्ही सगळेच वर गेलो. मशीनताई एकेक पायरी धरून. वर आमच्या आधी साहेब येऊन बसले होते. साहेब म्हणजे केंद्राचे व्यवस्थापक, सज्जन गृहस्थ, कागद चोख ठेवण्याबद्दल प्रसिद्ध. पाय बसला नाही हे कळताच त्यांनी धाकटीने पाठवलेली फाईल उघडून पाहिली होती. "मॅडम, आपल्याकडून गेलेली सगळी मापं बरोबर आहेत. अक्षर न् अक्षर. चूक त्यांची आहे. एक कडक पत्र लिहा."

"लिहीन साहेब. पण पत्रावर ताईंना उभं राहता येणार नाही."

"अहो, पण आपण बरोबर आहोत हे नोंदीत यायला नको?"

"आपण बरोबर पाठवलं, पण पोचलं नाही ना? मग काम झालं कुठे? फाईल पाठवायचा पगार नाही मला. माप पोचवायचा आहे." हे ती तावातावाने म्हणाली नाही, किराण्यात काय संपलंय ते सांगावं तशी म्हणाली. मला वाटतं म्हणूनच साहेबांना राग आला नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "बरं, मग आता काय करता?"

"तिकडे कसं दिसलं ते विचारते."

हे तिचं जुनं वाक्य. माझ्या स्क्रीनवर दिसतं ते माझं. त्यांच्या स्क्रीनवर काय दिसतं ते त्यांना विचारावं. तिने त्या केंद्रात फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. तिथल्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या बाईंनी उचलला. आवाजातच धास्ती होती.

"मॅडम, तुमच्या फाईलमध्ये खालची मापं आलीच नव्हती. आम्ही इतर पेशंटच्या मापांची सरासरी घेऊन पाय केला. आमच्याकडच्या शेऱ्यात लिहिलंय तसं."

"आली नव्हती? मग त्या जागा रिकाम्या होत्या?"

"रिकाम्या नाही... तारखा होत्या."

"तारखा?"

"हो. मला वाटलं पेशंटच्या भेटीच्या तारखा चुकून त्या रकान्यांत पडल्यात. मी काढून टाकल्या."

"एखादी आठवते?"

"एक आठवते. चोवीस जून. माझ्या भावाच्या लग्नाची तारीख आहे, म्हणून."

धाकटीने साचेबुवांचा कागद ओढला. तिचं बोट खाली सरकत गेलं आणि शेवटच्या मापावर थांबलं. बुवांच्या जाड पेन्सिलीत तिथे लिहिलं होतं: २४-६.

बुवा गेली तीस वर्षं माप असंच लिहितात. चोवीस सेंटिमीटर, रेघ, सहा मिलिमीटर. धाकटीही त्यांचं माप जसंच्या तसं कॉम्प्युटरमध्ये भरते, कारण कारागिराच्या मापात आपण हात घालायचा नाही, असं तिचं मत. तिच्या फाईलमध्येही ते २४-६ असंच गेलं होतं. पण तिकडच्या बाईंनी ती फाईल आकड्यांच्या रकान्यांच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. तो प्रोग्रॅम अतिशहाणा. चोवीस, रेघ, सहा दिसलं की त्याला वाटतं, अरे, ही तर सहाव्या महिन्याची चोवीस तारीख.

"बुवा," धाकटी म्हणाली, "आपण पायाला मुहूर्त काढला."

"मग वरची दोन मापं कशी वाचली?" साहेबांनी विचारलं.

वरची मापं होती तेहतीस-दोन आणि बत्तीस-एक. धाकटीने बोटांवर काहीतरी मोजलं आणि पहिल्यांदा हसली. "कारण तेहतीस तारीख नसते, साहेब. बत्तीसही नसते. एकतीसच्या आतली मापं तेवढी तारखा झाली. जाड माणूस सुटतो, बारीक माणसाचं कॅलेंडर होतं."

मशीनताई भिंतीशी खुर्चीत बसून ऐकत होत्या. "म्हणजे मी रोज दोन घास जास्त खाल्ले असते तर पाय बसला असता!"

आता मात्र सगळे हसले. फोनवरच्या बाईसुद्धा हसल्या, आणि लगेच हळूच म्हणाल्या, "मॅडम, माझी तक्रार करणार का?"

"तक्रार कसली? तारीख दिसली तर माणूस तारीखच समजणार. तुमच्या भावाचं लग्न लक्षात राहिलं नसतं तर मी अजून शोधत बसले असते. भाऊ सुखात आहे ना?"

"आहे की. वहिनी जरा कडक आहे."

"असू दे, असू दे. घरात एक लागतेच." असं म्हणताना तिने माझ्याकडे बघायची काही गरज नव्हती.

कडक पत्र त्यानंतर कुणी काढलंच नाही.

खरी अडचण पुढेच होती. पुढच्या फाईलमध्ये रेघ जाता कामा नये. साहेब म्हणाले, सोपं आहे, बुवांनी रेघेऐवजी टिंब द्यावं, जगभर देतात तसं. बुवांनी माखलेले दोन्ही हात वर केले.

"टिंब? या हातात टिंब टिकेल? ओल्या बोटाखाली आलं की गेलं. मग चोवीस पॉइंट सहाचे होतात दोनशे सेहेचाळीस. काय, हत्तीचा पाय घडवू?"

बोलणं बिनतोड होतं. रेघ पुसली गेली तरी मागे डाग राहतो. टिंब गेलं की गेलं. तीस वर्षांत त्यांचं माप चुकलं नव्हतं ते त्या रेघेच्याच जोरावर. साहेब दुसरं काही सुचवू लागले, पण धाकटीचं लक्ष नव्हतं. ती पुटपुटत होती, "दोनशे सेहेचाळीस... दोनशे सेहेचाळीस..."

"काय झालं?" मी विचारलं.

"बुवांनी सोडवलं!" ती म्हणाली. "चोवीस सेंटिमीटर सहा मिलिमीटर म्हणजे दोनशे सेहेचाळीस मिलिमीटरच की. ना टिंब, ना रेघ. याची कुणाला तारीख काढता येते बघू. बुवा, तुम्ही तुमची रेघ मारा. मशीनला मी हत्तीचा पाय पाठवते."

बुवांनी विनोद केला होता आणि त्यातून उत्तर निघालं होतं; पण ऐकणारी ती होती म्हणून निघालं. मी ही गोष्ट पुष्कळांना सांगते, त्यातले बरेच जण म्हणतात, हुशार आहे हो तुमची जाऊ. हुशार आहेच. मला मात्र तिच्या हुशारीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं अप्रूप वाटतं. एवढ्या वेळात तिने बुवांना त्यांची रेघ बदलायला सांगितलं नाही, त्या बाईंना त्यांची उघडायची सवय बदलायला सांगितलं नाही. प्रत्येकाला त्याच्या जागी बसू दिलं आणि मधलं सगळं अंतर स्वतः चालून गेली.

त्याच दुपारी तिने रिपोर्ट नव्याने बांधला. मशीनसाठी एक फाईल: नुसते मिलिमीटर, सगळे पूर्ण आकडे. माणसासाठी दुसरी, पीडीएफ: पायाची रेषाकृती, आणि प्रत्येक घेरापुढे शब्दांत लिहिलेलं, 'चोवीस सेंटिमीटर सहा मिलिमीटर'. दोन्ही एकदमच पाठवायच्या, म्हणजे एक चुकली तर दुसरी तिचा कान धरेल. बाहेर जायला तयार असलेली आणखी तीन जणांची मापं होती, तीही तिने तिथल्या तिथे थांबवली. त्यात एक बस कंडक्टर होता, तोही असाच बारीक.

साहेबांनी आपलं वजन वापरलं. तिकडच्या प्रमुखांना स्वतः फोन करून मशीनवर आधीची वेळ मिळवली. धाकटीने पुन्हा त्याच बाईंना फोन लावला.

"आता उघडा."

"कशी उघडू?"

"तुम्ही रोज उघडता तशीच. माझ्यासाठी काही वेगळं करू नका. मग वरून खाली वाचा."

त्या वाचत गेल्या, "तीनशे बत्तीस, तीनशे एकवीस, तीनशे पाच..." इकडे धाकटी बुवांच्या कागदावर बोट सरकवत होती आणि बुवा तिच्या खांद्यावरून वाकून प्रत्येक आकड्याला मान डोलावत होते. "दोनशे सेहेचाळीस" आलं तेव्हा मशीनताईंनी खुर्चीत बसल्या बसल्या जुना पाय काढून उरलेली नडगी दोन्ही हातांच्या वेढ्यात धरून पाहिली, खरंच तेवढी भरते का ते बघायला.

पाय पुन्हा आला तो महिना संपायला अगदी थोडे दिवस उरले असताना. या वेळी खाली बरीच गर्दी होती. प्रत्येकाचं काहीतरी काम निघालं होतं. हिशेबनिसांना भट्टीचा नंबर उतरवून घ्यायचा होता. चालायला शिकवणारे सर दांड्यांच्या टोकाशी उभे होते. त्यांना पावलांच्या आवाजावरून सगळं कळतं. मशीनताईंनी पाय चढवला, उठल्या, आणि दांड्यांना हात न लावता पलीकडच्या टोकाला गेल्या. वळून परत आल्या.

"डावं पाऊल आता टेकतंय," सर म्हणाले. "मागच्या वेळी आपटत होतं."

बुवांनी सॉकेटच्या कडेने बोट घालून पाहिलं. ते आत गेलं नाही. त्यांनी ते बोट सगळ्यांना दाखवलं.

पण धाकटीचं समाधान होईना. "चालून काय होतं? यांना उभं राहायचंय." तिने साचे ठेवायचं लांब टेबल रिकामं करायला लावलं, वर जुन्या वर्तमानपत्रांचे ताव पसरले आणि कपाटातली मोठी कात्री आणून दिली. "ताई, गणवेश कापा. सगळ्या वर्गांचे."

मशीनताईंना आधी लाज वाटली. मग खडू मागितला. बुवांनी प्लास्टरचा तुकडा दिला. एक बाही आखली, कापली. पाठ आखली, कापली. तिसऱ्या तावाला त्या आम्हाला विसरल्या. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कात्री न उचलता जायच्या, मग कागद फिरवायच्या, पुन्हा जायच्या. चहा आला, निवला. हिशेबनीस वर निघून गेले. साहेबांना बोलावणं आलं. मी बसले. त्या उभ्याच.

बऱ्याच वेळाने धाकटीने विचारलं, "कुठे टोचतंय?"

"काय?" मशीनताईंनी मान वर केली.

"पाय. कुठे टोचतोय का?"

त्यांनी खाली पाहिलं, जणू कुणी तरी नवीनच चौकशी केली. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "मी विसरलेच."

धाकटी आरशाकडे वळली आणि पदर सारखा करत राहिली. तो सारखाच होता. बुवा तावांचे तुकडे गोळा करायला लागले, तर मशीनताई ओरडल्या, "राहू द्या, राहू द्या, बाही डावी-उजवी मिसळेल!"

एक तारखेला सकाळी मी माझ्या गॅलरीत होते. मशीनताई नवी पिशवी खांद्याला लावून गल्लीतून निघाल्या. "मावशी," त्यांनी खालूनच हाक दिली, "आता कपडे रविवारी हं! इतर दिवशी मी कामावर." आमच्या शेजारणीलाही ऐकू जावं इतक्या मोठ्याने.

त्यांच्या मागे दोन-चार पावलांवर धाकटी चालत होती. तिचा रस्ता त्या बाजूचा नव्हे. तिची बस उलट्या बाजूला थांबते. हातात डबा, नजर पुढच्या माणसाच्या डाव्या टाचेवर. दुकान गेलं, उतार गेला, खडीचा भाग गेला. मशीनताई एकदाही थांबल्या नाहीत. गल्लीच्या वळणावर त्या दिसेनाशा झाल्या तेव्हा धाकटी जागीच उभी राहिली, घड्याळ पाहिलं, आणि लहान मुलीसारखी उलट्या दिशेला, तिच्या बसकडे, धावत सुटली.